लाल चौकटीतली माणसं

रांझी, जबलपूर
१२ जानेवारी २०२४

ताई, पाया पडतो.

परवा फोनवर मी इतका ओरडलो की शेजारचे दोघं भांडण झालं समजून धावत आले, आणि तुला तिकडे अमरावतीत एवढंच ऐकू आलं की रतन ‘गोळी’ म्हणाला. कोणी गोळी झाडली नाही. तुझ्या कानाची आता अशी तऱ्हा आहे, तर पत्रच बरं. सगळं नीट लिहितो.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली आणि मला पुन्हा ड्यूटी लागली. आमच्या मंडळाच्या हॉलमागे दवाखाना आहे नं, तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर प्रणोती येतात. वयानं आपल्या पोरीसारख्या, पण बोलायला लागल्या की फॅक्टरीतले जुने फोरमन आठवतात. मागच्या वर्षी आमच्या तीन गल्ल्यांतली चार माणसं हार्ट अटॅकनं गेली, त्यातली तीन साठच्या आतली. तेव्हापासून या बाई पेटल्या आहेत. म्हणतात, अटॅक आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ज्याला येण्याची भीती सगळ्यात जास्त, त्याला आधीच गाठू. कोलेस्टेरॉल उतरवणारी रोजची एक गोळी, लागेल त्याला बीपीचं औषध, दर तीन महिन्यांनी तपासणी. खर्च मंडळ करणार. पण डॉक्टर एकच आणि दिवस दोन. त्या म्हणाल्या, “एकशेचाळीस माणसांच्या मागं मी नीट लागू शकते, काका. एकशेएक्केचाळीसाव्याच्या नाही.”

आता हे एकशेचाळीस कोण? मी म्हटलं, सोपं आहे, रांग लावा, पहले आओ पहले पाओ. तर म्हणाल्या, “रांगेत पुढं येऊन उभा राहतो तो बहुतेक वेळा धडधाकट असतो.”

त्यांच्याकडे एक रंगीत तक्ता आहे. वय, बाई की पुरुष, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट. बोट सरकवत गेलं की शेवटी एका चौकटीवर येऊन थांबतं. हिरवी, पिवळी, नाहीतर लाल. लाल म्हणजे अशा शंभर माणसांतल्या वीस किंवा त्याहून जास्त जणांना येत्या दहा वर्षांत अटॅक किंवा लकवा. लालवाले आधी घ्यायचे. त्यासाठी चाळीसच्या वरचं प्रत्येक माणूस घरी जाऊन मोजायचं. आमची गल्ली माझ्याकडे आली. बत्तीस वर्षं फॅक्टरीच्या इन्स्पेक्शनमध्ये पार्ट मोजले, आता माणसं मोजून राहिलो.

आणि काय माणसं! बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात कपड्याचं दुकान असलेले अनुपमजी आठवतात नं, कोपऱ्यावरच्या घरातले? पोट हे एवढं. मला पाहताच म्हणाले, “रत्नाकर भैया, मेरा नाम सबसे ऊपर लिखना.” मोजलं. शंभरात सात. हिरवे निघाले. माणूस इतका खट्टू झाला की म्हणे, “लिख दो कि बीड़ी पीता हूँ, रोज़ बीस.” मी म्हटलं, बिडी कोणत्या टोकाला पेटवतात तेवढं सांगा, लगेच लिहितो.

आमच्या घरात आम्ही दोघं नवरा-बायको. बेबी हिरवी निघाली. माझं मोजायची गरजच नव्हती. रिटायरमेंटच्या मेडिकलचा कागद होता, त्यावर ‘फिट’ लिहिलं आहे, तेच आकडे भरले. मीही हिरवा. गल्लीतल्या एकतीस घरांपैकी तीस झाली. एक बंद होतं.

बेबीचा नमस्कार. कान तपासून घे.

तुझा
रतन


अमरावती
२३ जानेवारी २०२४

रतन,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं, अनुपमजींपाशी मोठ्यानं हसले. माझं हसणं मला ऐकू येतं अजून.

आधी तुझ्या डॉक्टरांचं मला पटलं नव्हतं. वाटलं, सगळ्यांना सारखं द्यावं, शाळेत पंधरा ऑगस्टला खाऊ वाटतो तसं. मग माझी सकाळची जादा शिकवणी आठवली. गणितात पैकीच्या पैकी घेणारी पोरं तिला सगळ्यात आधी येऊन पहिल्या बाकावर बसायची. आणि ज्याला सातचा पाढा येत नाही, तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पळायचा. शिकवणी मी त्या पळणाऱ्यासाठी ठेवली होती. तुझ्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

आता माझा प्रश्न. बंद घर कोणतं? बेबीच्या आजारपणात मी चार महिने तिथं होते, तुमच्या गल्लीतली घरं मला पाठ आहेत. चौदा नंबरला नथ्थू राहतो. फॅक्टरीत जाताना रोज तुझ्यासाठी दारात थांबायचा, तो. तीन पानांच्या पत्रात अनुपमजींचं पोट आहे, डॉक्टरांचा आवाज आहे, आणि नथ्थूचं नावही नाही. तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल कायम असायचं. त्याची चौकट कोणत्या रंगाची?

आणखी एक. आपले बाबा चोपन्नाव्या वर्षी छातीत कळ येऊनच गेले. सहा वर्षांपूर्वीच्या कागदावर तू अजून फिट आहेस, हे वाचून मला हसू आलं नाही.

ताई


रांझी
४ फेब्रुवारी २०२४

ताई,

तू शाळा सोडलीस पण हजेरी घेणं सोडलं नाहीस.

चौदा नंबरचं घर बंद नव्हतं. मी ‘बंद’ लिहिलं.

तुला कधी सांगितलं नाही. २०११ ची गोष्ट. नथ्थू मशीनवर होता, मी इन्स्पेक्शनला. त्याच्या हातचा चारशे पीसचा लॉट माझ्याकडे आला. नियमाप्रमाणे थोडे उचलून गेजनं मोजले, दोन पीस केसभर मोठे निघाले. मी लॉट रिजेक्ट केला. तो धावत आला, म्हणाला, “रतन, एक बार दोबारा नाप ले.” सुट्टीचा भोंगा झाला होता, लोक गेटकडे निघाले होते. मी म्हटलं, गेज खोटं बोलत नाही, आणि सही करून मोकळा झालो. त्याच वर्षी त्याचं प्रमोशन होतं, ते राहिलं. त्या लॉटमुळे राहिलं का आणखी कशामुळे, कोण जाणे. पण तो त्याच जागेवरून रिटायर झाला. तेरा वर्षं एका गल्लीत राहून आम्ही बोलत नाही. समोरून आला तर मी नळाकडे बघतो, तो आभाळाकडे.

आता मी बीपीची मशीन घेऊन त्याच्या दारात काहून जाऊ? दुसऱ्या गल्लीचा कोणी कार्यकर्ता पाठवून देईन.

माझ्या तब्येतीची काळजी नको. मी रोज चालतो.

रतन


अमरावती
१३ फेब्रुवारी २०२४

रतन,

दुसरा कोणी जाणार नाही. तू जाशील.

त्या दिवशी तुझं मोजमाप चूक होतं असं मी म्हणत नाही, मला त्यातलं कळत नाही. पण माणूस ‘पुन्हा मोज’ म्हणत असताना भोंग्याकडे बघायचं, हे कळतं. आणि आता ‘घर बंद’ लिहून तू त्याला दुसऱ्यांदा न मोजता बाजूला काढलंस. पहिल्या वेळी त्याचं प्रमोशन राहिलं. या वेळी काय राहील, ते तूच लिहिलं आहेस पहिल्या पत्रात.

उत्तर त्याच्या घरी जाऊन आल्यावर लिही. तोवर लिहू नकोस.

ताई


रांझी
२ मार्च २०२४

ताई,

जाऊन आलो.

दार पुष्पानं उघडलं, नथ्थूच्या बायकोनं. मला बघून म्हणाली, “भाऊजी, एवढ्या जवळचा रस्ता सापडायला तेरा वर्षं लागली?” नथ्थू अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल घालत होता. मान वर न करता म्हणाला, “आज क्या रिजेक्ट करने आया?”

मी म्हटलं, बीपी मोजायला आलो. तो हलेना. शेवटी पुष्पानंच त्याच्या हातातली तेलाची बुधली काढून घेतली आणि बाही वर सरकवली. पट्टा बांधला. वरचं एकशेअठ्ठ्याहत्तर.

“दोबारा नाप,” म्हणाला.

पाच मिनिटं थांबून मोजलं. एकशेब्याऐंशी.

“फिर से.”

एकशेशहात्तर. मग तो माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघून म्हणाला, “तीन वेळा मोजायला किती वेळ लागला बे? पंधरा मिनिटं. त्या दिवशी तुझ्याकडे एवढी पंधरा मिनिटं नव्हती?”

ताई, मी म्हटलं, “चुकलं माझं. मोजायला पाहिजे होतं.” तेरा वर्षं घशात होतं, बाहेर यायला अर्धं मिनिट लागलं. तो परत सायकलच्या चेनकडे वळला. पण पुष्पा आत गेली आणि भांड्यांचा आवाज झाला, तेव्हा मला कळलं की चहा मिळणार.

बोट टोचून शुगर बघितली, दोनशेअडुसष्ट. पुढं दवाखान्यात रक्त दिलं, कोलेस्टेरॉलही चढलेलं. बिडीची दोन बंडलं रोज. डॉक्टर प्रणोतींनी तक्त्यावर बोट ठेवलं ते लाल रंगाच्याही पलीकडे, गर्द चौकटीत गेलं. शंभरात चाळीसच्या वर. तिन्ही गल्ल्यांत पहिला नंबर. एकशेचाळीसपैकी शेवटची एक जागा उरली होती, ती त्याची झाली.

तर हा पठ्ठ्या म्हणतो काय, “चाळीस को होगा, तो साठ को नहीं होगा ना? मी त्या साठातला.” गोळी घेणार नाही म्हणे. “रोज गोळी खाऊन होतं काय?” मी म्हटलं, काही होत नाही, काही होऊ नये म्हणूनच ती घ्यायची. तर हसला. म्हणे, ज्यानं काही होतच नाही ती गोष्ट रोज काहून खाऊ?

ज्यांना गोळीची गरज नाही ते माझ्या मागं लागले आहेत, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो ऐकून नाही राहिला. काय करू सांग.

चहा घेतला आणि आलो. आणखी काही विशेष झालं नाही.

रतन


अमरावती
१२ मार्च २०२४

नथ्थू,

मी रत्नाकरची बहीण कुंदा. विसरला नसशीलच. अमरावतीला परत निघाले त्या दिवशी रिक्षा मिळेना, तेव्हा तू मला स्कूटरवर बसवून स्टेशनवर नेलं होतंस आणि माझी बॅग डोक्यावर घेऊन पूल चढला होतास. तेव्हा तुला धाप लागली नव्हती. आता तोच पूल चढलास तर लागेल का, एवढं स्वतःला विचार.

तू म्हणतोस, मी साठातला. मी पस्तीस वर्षं वर्गात उभी होते. शंभरातली चाळीस पोरं नापास होणार हे माहीत असताना ‘मी साठातला’ म्हणून पुस्तक न उघडणारी बरीच पाहिली. निकालाच्या दिवशी त्यातली बहुतेक कुठं बसलेली असायची, ते सांगत नाही. तू हुशार आहेस.

तू रागावला आहेस माझ्या भावावर. रागाव, तुझा हक्क आहे. पण गोळी त्यानं तयार केलेली नाही. त्याच्यावरचा राग गोळीवर काढू नकोस. पुष्पाचा तर काहीच दोष नाही.

आणि एक काम कर. रतनच्या पत्रात शेवटी लिहिलं आहे, ‘आणखी काही विशेष झालं नाही.’ हे वाक्य तो लहानपणापासून तेव्हाच लिहितो, जेव्हा विशेष काहीतरी झालेलं असतं. काय झालं, ते मला तू कळव. मी सरळ विचारते आहे, तू सरळ सांग.

कुंदाताई


रांझी, घर नंबर १४
७ एप्रिल २०२४

ताईजी, चरणस्पर्श.

मराठी लिहायची सवय नाही. बोलतो घरात, लिहितो कोण? पुष्पा शेजारी बसून चुका काढून राहिली आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला वाचता येईल.

तुमच्या भावानं मला शपथ घातली होती की ताईला काही सांगायचं नाही. पण तुम्ही सरळ विचारलं, आणि तुमच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत नाही. तर ऐका.

त्या दिवशी माझं तीन वेळा मोजून झालं. मी म्हटलं, “अब तू बैठ.” तो म्हणाला, माझं कशाला, मी फिट आहे. मी म्हटलं, मी तीनदा हात दिला, तू एकदा दे. बसला. मशीनचं बटन मीच दाबलं. एकशेसत्तर.

तर ताई, हे तुमचे इन्स्पेक्टरसाहेब म्हणतात काय, “मशीन में फॉल्ट है!”

मी म्हटलं, वा बेटा! माझ्या वेळी गेज खोटं बोलत नाही, आणि तुझ्या वेळी मशीन खोटी? पुष्पा चहाचे कप घेऊन येत होती, ती हसत हसत खालीच बसली. मग मीही हसलो. रतनही हसला, पण थोडं उशिरानं. तेरा वर्षांत आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो नव्हतो.

पुन्हा दोनदा मोजलं. तेच. शुगर काढली, दोनशेचौदा. त्याला शुगर आहे हे त्याला माहीतच नव्हतं. डॉक्टर मॅडमच्या तक्त्यात शंभरात चोवीस. लाल. गल्लीभर लोकांना मोजत फिरला आणि स्वतःचे आकडे जुन्या कागदावरून उतरवले. शरमेनं त्यानं दोन दिवस घराबाहेर तोंड काढलं नाही.

आता जागा एकशेचाळीस, त्या भरल्या. शेवटचा मी. माझ्यानंतर एकशेएक्केचाळीसावी शकु, नाक्यावर भाजीची गाडी लावते ती, आणि एकशेबेचाळीसावा रतन. मी म्हटलं, मला नको आहे, माझी जागा तू घे. तो म्हणे, “यादी मी बनवली. माझंच नाव पुढं घुसवलं तर लोक तोंडात शेण घालतील. जागा तुझी आहे, तूच घे.” मी म्हटलं नाही. तो म्हणे घे. दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी माझ्या अंगणात हेच. तो मला गोळीचे फायदे सांगायचा, मी त्याला. दोघांपैकी कोणी खात नव्हतं.

मग तुमचं पत्र आलं. पुष्पानं मोठ्यानं वाचलं. पुलाचं वाचलं ते मला लागलं, कारण ताई, मागच्या महिन्यात मी तोच पूल चढलो आणि मध्ये दोनदा कठड्याला धरून उभा राहिलो होतो. हे मी पुष्पालाही सांगितलं नव्हतं. आता तिला कळलंच, ती इथं बसली आहे.

पुष्पा पत्र घेऊन सरळ बेबीवहिनीकडे गेली. दोघी बायका दहा मिनिटं बोलल्या. मग बेबीवहिनी कपाटातून पेन्शनरांच्या सरकारी दवाखान्याचं कार्ड घेऊन आल्या आणि रतनपुढं आपटलं. म्हणाल्या, “हे काय लोणच्यात घालायला ठेवलंय? तुम्हा दोघांजवळ कार्ड आहे. तिथं डॉक्टर आहे, औषध आहे. आणि तुम्ही मंडळाच्या एका जागेसाठी भांडून राहिले! शकुजवळ आहे का असं कार्ड?”

बत्तीस वर्षं मोजमाप करणारा तो आणि पस्तीस वर्षं मशीन चालवणारा मी. हे आमच्या डोक्यातच नव्हतं. डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “मीच फॉर्मवर हा रकाना ठेवायला विसरले.” मग सगळ्या फॉर्मांवर तो रकाना लावला. आमच्यासारखे आणखी अकरा पेन्शनर निघाले. त्यांना त्यांच्या दवाखान्यात पाठवलं, आणि माझी धरून बारा जागा मोकळ्या झाल्या. पहिल्या जागेवर शकु आली. तिचा आकडा शंभरात सव्वीस, आणि बाई उन्हात बारा तास उभी असते.

रतनच्या मोटरसायकलवर मी मागे बसून गेलो. तेरा वर्षांनी पहिल्यांदा. पेन्शनरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं दोघांना तपासलं, गोळ्या दिल्या. गेल्या पंधरा दिवसांपासून रोज संध्याकाळी तो माझ्याकडे येतो, दोघं बरोबर गोळी घेतो. बिडी दोन बंडलांवरून दिवसाला चार नगांवर आणली आहे.

पुष्पा म्हणते, सहा लिही. सहा.

तुमचा
नथ्थू


अमरावती
१७ एप्रिल २०२४

रतन,

नथ्थूचं पत्र आलं. शपथ मोडली म्हणून त्याला काही बोलायचं नाही.

शंभरात चोवीस. आणि मला लिहितोस, ‘मी रोज चालतो’. बाबाही रोज चालायचे. मी पत्र हातात घेऊन बराच वेळ खिडकीत बसले होते. मग ‘मशीन में फॉल्ट है’ पुन्हा वाचलं आणि हसू आलं, तेव्हा उठले. तुला दोन मारायची इच्छा आहे, पण गोळी सुरू केलीस म्हणून एकच मारेन.

मीही जाऊन तपासून आले, तुझ्यावरून धडा घेऊन. एकाहत्तरावं चालू आहे, वाटलं होतं मी तर नक्की लाल. इथले डॉक्टर सगळं बघून म्हणाले, “आजी, तुम्हाला सध्या गोळी लागत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या.” खरं सांगू? किंचित वाईट वाटलं. अनुपमजींना माझा नमस्कार सांग, त्यांचं दुःख आता कळलं.

त्यांनी कानाचंही यंत्र दिलं. पण पत्रं बंद करायची नाहीत. फोनवर तू खोटं बोललास तर मला कळत नाही, कागदावर लगेच कळतं.

बेबीला शाबासकी.

ताई


रांझी
२१ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं याच आठवड्यात यायचं होतं! म्हणून अक्षर मोठं काढून राहिलो, पट्टी निघाली की सावकाश वाच.

परवा नथ्थूच्या लेकीचं, रोशनीचं लग्न झालं. पोरगा सुमेध, बरगीकडचा, तिथं शाळेत मास्तर आहे. शांत आहे. तुला आवडेल, शुद्धलेखन चांगलं आहे म्हणतात.

हळदीच्या दिवशी दुपारी गल्लीत मांडव, ढोलकी, बायांची गाणी. नथ्थू पिवळा झालेला, डोक्याला फेटा. ढोलकीवाल्यानं ठेका धरला आणि हा मध्ये उतरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी कडेला खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघून राहिलो. डोक्यात आकडेच फिरतात नं माझ्या! पुष्पा माझ्याजवळ येऊन म्हणाली, “भाऊजी, त्यांना थांबवायचं का?” तेवढ्यात त्यानंच मला बघितलं, आला, दंड धरून ओढलं. ताई, मी आयुष्यात कधी नाचलो नाही हे तुला माहीत आहे. घड्याळ काढून बेबीच्या हातात दिलं. शकु भाजीची गाडी बंद करून आली होती, तीही आली. आम्हा तिघांना लाल चौकटीतली माणसं म्हणून कोणी ओळखलं नसतं. अनुपमजींना ओढलं तर त्यांना दोन मिनिटांत धाप लागली. म्हणाले, “मैं तो हरा हूँ, मुझे क्यों?” मी म्हटलं, हिरव्यालाही पोट असतं, उद्यापासून चालायला या.

बिडी पूर्ण सुटली नाही. दोनवर आहे. मी पुष्पाला विचारून लिहितो आहे.

डॉक्टर प्रणोती जेवायला आल्या होत्या. दवाखान्याचं वर्ष पूर्ण झालं. एकशेचाळीसपैकी पाच गाव सोडून गेले, नऊ जणांनी मध्येच औषध सोडलं, त्यांच्या मागं लागून सहा परत आणले. नोव्हेंबरमध्ये एकाला अटॅक आला, वेळेवर नेलं, वाचला, आता घरी आहे. गेलं कोणी नाही. मी पंगतीत त्यांच्या शेजारीच बसलो होतो. म्हटलं, “मॅडम, मंडळाच्या सभेत लोक विचारतील, तुमच्या गोळीनं कोण वाचलं ते दाखवा. आमच्या इन्स्पेक्शनमध्ये बरं होतं, खराब पीस हातात धरून दाखवता यायचा. इथं काय दाखवू?”

त्या म्हणाल्या, “काहीच नाही दाखवता येणार, काका. एका वर्षावरून तर मुळीच नाही. शंभर माणसांचं मी सांगू शकते, की अशा गोळ्यांनी त्यातली काही वाचतात. पण ती कोणती, ते नाही सांगता येत. तुम्हाला अटॅक येणार होता आणि टळला, का येणारच नव्हता? नथ्थूकाकांचं काय? ते मला कधीच कळणार नाही. तुम्हालाही नाही.”

नथ्थू पुऱ्यांची परात घेऊन वाढत येत होता, घामानं भिजलेला, फेटा एका कानावर उतरलेला. आमच्यापाशी थांबला. मॅडमनी त्यालाही तेच सांगितलं, की नथ्थूकाका, शंभरातल्या वाचलेल्यांत तुम्ही आहात का, हे मला कधीच सांगता येणार नाही.

तो म्हणाला, “मत बताइए, मॅडम. गरम है, दो पूरी और लीजिए.”

त्यांनी घेतल्या. मग त्यानं माझ्या पानात एकच टाकली. मी दुसरी मागितली तर “शुगर!” म्हणून पुढं निघून गेला.

तुझा
रतन